तिसऱ्या ग्लासापर्यंत

कुणाच्या तरी आग्रहाखातर एखादी नावाजलेली बिअर पहिल्यांदा पिणाऱ्या माणसाचा चेहरा निवांतपणे बघण्यासारखा असतो. आग्रह करणारा समोर बसलेला असतो आणि त्याचे डोळे पिणाऱ्याच्या ओठांवर खिळलेले असतात. घोट तोंडात जातो. मग एक क्षण असा येतो, की आता काय करावं ते त्या चेहऱ्यालाच सुचत नाही. भुवया वर जायला निघतात, शिष्टाचार त्यांना खाली ओढतो. जीभ टाळ्याला काहीतरी विचारते, टाळू उत्तर देत नाही. आणि मग, चुकीच्या स्टेशनावर उतरूनही आपल्याला इथंच यायचं होतं अशा थाटात चालू लागणाऱ्या प्रवाशासारखा, तो माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, "छान आहे हं." ग्लास मात्र हळूच खाली ठेवतो, आणि नेहमीपेक्षा जरा लांबच ठेवतो.

खरं सांगायचं तर बिअर ही वस्तूच पहिल्या भेटीत कुणाला आवडत नसावी. माणसाच्या जिभेवर गोड ओळखायला एकाच जातीचा ग्राही असतो, कडू ओळखायला मात्र पंचवीसेक जातींचे. निसर्गानं विचार केला असणार, की साखर काय, एकानं ओळखली तरी पुरे. विष मात्र कुठल्या दारानं येईल ते सांगता येत नाही, तेव्हा दारोदार निराळा पहारेकरी हवा. हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा जिभेवर आला की हे सगळे पहारेकरी एकदम ओरडू लागतात. मग ऐन तारुण्यातला माणूस, मित्रांसमोर शोभा नको म्हणून, त्यांची समजूत घालतो, की अरे, ओळखीतलेच आहेत, येऊ द्या. असं दोन-चारदा झालं की पहारेकरी सलाम ठोकायला लागतात. आपल्या राज्यात तर या समजूत घालण्याला सरकारी कागदाचाही आधार आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला परवाना लागतो आणि तो दिला जातो प्रकृतीस्वास्थ्याच्या कारणासाठी. म्हणजे परमिट रूमच्या त्या मंद उजेडात शेंगदाण्याची बशी पुढ्यात घेऊन बसलेली सगळी मंडळी कायद्याच्या नजरेनं औषध घेत असतात. औषध म्हटल्यावर ते कडू असणारच, आणि ते घेताना तोंड वाकडं झालं तर कुणी तक्रार करायचं कारण नाही.

या पहारेकऱ्यांना कायमचं झोपवण्याचं काम बोहेमियातल्या एका गावानं फार मनावर घेतलं. पिल्सेनच्या नागरिकांनी १८३८ मध्ये बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर आणून ओतून दिली, नवी ब्रूअरी बांधली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर बोलावला. १८४२ च्या ऑक्टोबरात त्यानं पहिली खेप उकळली. गावचं मृदू पाणी, फिकट माल्ट आणि जवळच्याच मुलखातले सुगंधी हॉप्स यांतून जे निघालं ते सोनेरी होतं, पारदर्शक होतं आणि कुणालाही दुखावणारं नव्हतं. ग्रोल स्वतः फार तुसडा होता असं सांगतात. साऱ्या जगाशी गोडीनं वागणारी बिअर अशा फटकळ माणसाच्या हातून जन्माला यावी, यात नियतीचा काहीतरी मिस्कीलपणा असणार. आज पृथ्वीवर प्यायल्या जाणाऱ्या बिअरपैकी बहुतेक याच घराण्यातली आहे. आपल्याकडची ती थंडगार, घामेजलेली, पिवळी बाटलीही त्याच वंशावळीतली, अंमळ धाकट्या पातीची. ती जिभेवरून रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसासारखी जाते. हात हलवते, हसते, थांबत नाही. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. वैशाखात तर मी तिचा ऋणी असतो.

तिला कंटाळलेली तरुण मंडळी आता पुण्यामुंबईत आय.पी.ए. मागवतात. त्या बिअरच्या नावातला 'आय' म्हणजे इंडिया. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रूअरीतून फिकट, हॉप्स सढळ हातानं घातलेली बिअर कंपनीच्या जहाजांवर चढायची, आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांनी मुंबईला, कलकत्त्याला उतरायची आणि साहेबांच्या जेवणाच्या टेबलावर जायची. इंडियानं तिला नाव दिलं, पण तिची चव साहेबानंच घेतली. दोनशेहून अधिक वर्षांनी ती फॅशनच्या वाटेनं पुण्यात आली, तेव्हा माझ्या वयाच्या अनेकांची अवस्था आपल्या नावे आलेलं पाकीट फोडावं आणि आतलं पत्र परक्या लिपीत निघावं अशी झाली. पण कडू हा तसा सरळ शत्रू आहे. तो समोरून येतो, वार करतो, आणि काही दिवसांनी मित्रही होतो. मला ओढ आहे ती त्याहून अवघड बिअरांची, ज्यांचा पहिला घोट घेतल्यावर ही बिअर तरी आहे का, अशी शंका यावी त्यांची.

भाचा जर्मनीत एर्लांगेनला नोकरीला असल्यामुळे ही ओढ भागवायची सोय झाली. तिथून उत्तरेकडच्या गाडीत बसलं की डुलकी लागायच्या आत बाम्बेर्ग येतं. सात टेकड्यांचं गाव, आणि मधून रेग्निट्झ नदी. जुनं नगरभवन नदीच्या मधोमध एका बेटावर असं उभं, की त्याला कुठल्या काठाची बाजू घ्यावी ते ठरवता आलेलं नाही. १९९३ मध्ये युनेस्कोनं हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घातलं. वस्ती जेमतेम पाऊण लाखाच्या आसपास, पण ब्रूअऱ्या मात्र एखाद्या मोठ्या शहरालाही हेवा वाटावा इतक्या. तत्त्वज्ञ हेगेल १८०७ मध्ये इथं एका वर्तमानपत्राचा संपादक म्हणून आला, आणि त्याचा तो सुप्रसिद्ध, दुर्बोध ग्रंथही त्याच वर्षी याच गावातल्या प्रकाशकानं छापला. "मामा, इथल्या बिअरचं आणि त्या पुस्तकाचं सारखंच आहे," भाचा म्हणाला. "पहिल्या पानावर सोडून देणारे फार. शेवटपर्यंत जाणारे मात्र नंतर दुसऱ्या कशाविषयी बोलतच नाहीत."

कॅथेड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशी, लाकडी चौकटींच्या एका जुन्या घरात श्लेंकेर्ला नावाचं बिअरगृह आहे. १४०५ पर्यंत त्याच्या नोंदी मागे जातात. आत काळ्या पडलेल्या तुळया, घासून घासून गुळगुळीत झालेली बाकं, आणि लाकडी पिंप. त्या पिंपातून बिअर कुणी ढकलल्याशिवाय, केवळ स्वतःच्या वजनानं ग्लासात उतरते. रंग जवळजवळ काळा. उजेडाकडे धरला तर जांभळट तांबूस. ग्लासाखाली ठेवायच्या जाड कागदाच्या चकतीवर त्यांनी स्वतःच छापून ठेवलंय, की पहिल्या घोटाला चव जराशी विचित्र वाटेल, तरी थांबू नका. थोड्याच वेळात तुमच्या लक्षात येईल की तहान काही कमी होत नाही आणि आनंद मात्र वाढतोय. आपल्या मालाविषयी गिऱ्हाइकाला इतका खरा इशारा देणारा दुकानदार मला दुसरा भेटलेला नाही. आमच्याकडे पाटीवर 'आमची कोठेही शाखा नाही' लिहितील, पण 'आमचा चिवडा पहिल्यांदा आवडणार नाही' असं लिहायची छाती कुणाची नाही.

घोट घेतला. धूर! रात्री विझलेल्या शेकोटीवर पहाटेचं दव पडावं आणि ते कुणी ओंजळीत धरून पाजावं, तशी ती चव होती. ती नाकातून आत गेली, डोळ्यांच्या मागे कुठंतरी जाऊन बसली आणि तिथून गंभीरपणे माझ्याकडे बघू लागली. आमच्याबरोबर माझी थोरली बहीण होती, भाच्याची आई. ती कशालाही न शिवणारी, पण लेकाच्या राज्यात आल्यावर निदान वास तरी घ्यावा म्हणून तिनं ग्लास नाकाशी नेला आणि चटकन खाली ठेवला. "अरे, यात मांसाचं काहीतरी आहे."

"काही नाही गं आई. सातू, हॉप्स, पाणी आणि यीस्ट."

"मग हा वास?"

वास खरोखरच हॅमचा होता, मुरवलेल्या, धुरावर टांगलेल्या मांसाचा. मग भाच्यानं तो वास कुठून येतो ते सांगितलं. इथं मोड आणलेले सातू बीच नावाच्या झाडाची लाकडं जाळून त्या धुरावर वाळवतात. लाकूड जळताना त्यातून ग्वायाकोल, सिरिंगोल अशी द्रव्यं सुटतात आणि दाण्यांना चिकटून बसतात. युरोपातले लोक मांसही अशाच धुरावर टांगतात, तेव्हा तीच द्रव्यं मांसालाही चिकटतात. म्हणजे वास मुळात लाकडाचा. डुकरानं तो उसना घेतला आणि इतकी वर्षं स्वतःचा म्हणून मिरवला. ताईनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे ही शाकाहारीच आहे म्हणायची," ती म्हणाली, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या सफरचंदाच्या रसाची बाटली तिनं निश्चिंत मनानं उघडली. मला मात्र त्या दिवसापासून एक हुरहुर लागली आहे, की आपण ज्या ज्या गोष्टीला अमक्याची चव म्हणतो, ती खरोखर त्या अमक्याची असते की त्याच्याआधी तिथून गेलेल्या कुणाची?

आणि विचित्र तरी कुणाला म्हणायचं? दगडी कोळशापासूनच्या कोकच्या आणि नंतर गरम हवेच्या भट्ट्या येण्याआधी माल्ट वाळवायला उन्हाखेरीज होता तो विस्तवच, आणि विस्तव म्हटला की धूर आलाच. सतराव्या शतकात इंग्लंडात कोकवर माल्ट वाळवू लागले, पुढे धूर दाण्याला शिवणारच नाही अशा भट्ट्या निघाल्या आणि गावोगावच्या बिअरमधून धूर निघून गेला. तोवर उत्तर युरोपात कित्येक पिढ्यांना बिअरला धुराचा वास येतो यात सांगण्यासारखं काही वाटलं नसेल. बाम्बेर्गच्या दोन घरांनी मात्र जुना रिवाज सोडला नाही. एक हे श्लेंकेर्ला आणि दुसरं १५३६ पासूनचं श्पेत्सियाल. दोघंही आजतागायत आपलं माल्ट स्वतः धुरावर वाळवतात. तेव्हा समोरच्या ग्लासात जे होतं ते कुण्या लहरी माणसाचं खूळ नव्हतं. ती बिअरच्या घराण्यातली पणजी होती, आणि पणजीला आजच्या रीतीभाती माहीत नसल्या तर तो काही तिचा दोष नाही.

ही चव कळायला तीन ग्लास लागतात असं गावात सांगतात. इथला ग्लास अर्ध्या लिटरचा आणि बिअर ५.१ टक्क्यांची, तेव्हा तिसऱ्या ग्लासानंतर माणसाला काय आवडत नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण या सांगण्यात नुसती नशा नाही. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. दुसऱ्या ग्लासाच्या मध्यावर कुठंतरी धूर विरळ होऊ लागतो आणि त्याच्यामागे इतका वेळ उभं असलेलं काहीतरी दिसू लागतं. सातूचा खरपूस गोडवा, शेवटी येणारा कोरडा कडवटपणा. धुकं ओसरताना आधी झाडं, मग घरं, मग घरांच्या खिडक्या दिसाव्यात तसं. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवून दिलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर येत राहिली, तिनं आपलं काही भलं केलं नाही तरी, ती आपल्याला आवडू लागते. हे वाचल्यावर मला आमच्या सोसायटीच्या गेल्या कैक वर्षांच्या निवडणुकांचा उलगडा झाला.

दुसऱ्या ग्लासाशी मला मिरजेचे आतोबा आठवले. आठवावेत असं त्यांचं आणि त्या ग्लासाचं काहीच नातं नव्हतं. आतोबांनी जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नाही. फार कमी बोलणारा, कपाळावर कायमची आठी असलेला माणूस. आम्ही भाचरं त्यांच्यासमोरून चोरपावलांनी जायचो. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी मोठमोठे गवई रात्र रात्र हजेरी लावतात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तिथंच विसावले आहेत. एका वर्षी काय मनात आलं कोण जाणे, आतोबा मला बरोबर घेऊन गेले. मी दहा-बारा वर्षांचा असेन. विलंबित ख्याल चालू होता आणि तो मला कुणीतरी वाट चुकून त्याच त्या अंगणात पुन्हा पुन्हा फिरावं तसा वाटत होता. पाय अवघडले, झोप आली. मी हळूच म्हणालो, "आतोबा, मला हे आवडत नाहीये." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही आवडलं तरी चालेल. उठू नकोस."

मी उठलो नाही. उठायची हिंमतही नव्हती. ख्याल मला त्या रात्री कळला असं म्हणायला मी काही धजावणार नाही. पण पहाटेच्या सुमाराला एक सूर असा लागला, की शेजारच्या म्हाताऱ्यानं डोळे मिटले, आतोबांच्या कपाळावरची आठी पुसली गेली, आणि आपल्याला न दिसणारं काहीतरी या लोकांना दिसतंय, एवढं मला पक्कं कळलं. पुढची कितीतरी वर्षं मी त्या दिसण्याच्या मागे लागून गाणं ऐकलं. आणि गंमत म्हणजे, गाण्याच्या निमित्तानं शेजारी बसता बसता मला आतोबाही आवडू लागले. त्यांच्यातही पहिल्या घोटाला नुसता धूरच लागायचा.

आवडत नसताना उठू नये हे सांगणारं कुणीतरी आयुष्यात भेटावं लागतं. ब्रुसेल्सला गेलो तेव्हा हे वाक्य मी मनात घोकत होतो, कारण तिथल्या लाम्बिक नावाच्या बिअरपुढे बाम्बेर्गचा धूर म्हणजे मवाळ पक्ष. आंदरलेख्त भागात १९०० साली सुरू झालेली कांतियों ही ब्रूअरी आहे. तिच्या छपराखाली तांब्याचं एक उथळ, खोलीएवढं ऐसपैस भांडं आहे. सातू आणि गहू उकळून काढलेला रस थंडीतल्या रात्री त्या भांड्यात नुसता सोडून देतात आणि झडपा उघड्या ठेवतात. यीस्ट घालत नाहीत. हवेतून, तुळयांवरून, जुन्या लाकडातून जे सूक्ष्मजीव यायचे ते आपापल्या पायांनी येतात आणि रात्रीत मुक्काम टाकतात. उन्हाळ्यात नको ते पाहुणे येतात, म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिलच करायचं. मग तो रस लाकडी पिंपांत एक, दोन, तीन वर्षं पडून राहतो. हॉप्स ताजे वापरत नाहीत. मुद्दाम जुने, सुगंध उडालेले, कडूपणा निमालेले घेतात, कारण त्यांच्याकडून काम फक्त राखणीचं करून घ्यायचं असतं. उमेद संपलेल्या माणसांवर विश्वासानं तिजोरी सोपवण्याची ही रीत मला फार समंजस वाटली.

आणि तिथं कोळ्यांची जाळी काढत नाहीत. पिंपांवर बसू पाहणाऱ्या चिलटांचा बंदोबस्त कोळी करतात, म्हणून त्यांना अभय. दसऱ्याच्या आधी घरभर जळमटं काढणाऱ्या कुळात वाढलेल्या माणसाला हे पचायला बिअरच्या चवीपेक्षा जड जातं. चवीत मुख्य कर्तृत्व ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाउसेननं १९०४ मध्ये ते जगापुढे आणलं. त्याच्या वासाचं वर्णन जाणकार घोड्याच्या पाठीवरची घोंगडी असं करतात, आणि हे कौतुकानं करतात. मला मात्र तबेल्यातून धावत बाहेर आलेल्या लिंबाची आठवण झाली. आंबट इतकी, की कानांच्या मुळाशी कुणीतरी हळूच चिमटा काढावा. कवी बोदलेर १८६४ ते १८६६ या काळात ब्रुसेल्सला होता. लाम्बिकचीच साखर घातलेली एक धाकटी बहीण त्याला पाजण्यात आली. ही शहराच्या गटारातून, सेन नदीतूनच काढलेली असणार, असं त्यानं संतापून लिहून ठेवलं. पापाच्या फुलांचा सुगंध घेणाऱ्या या कवीचंही नाक तिथं मुरडलं म्हटल्यावर आपल्यासारख्यांनी लाजायचं कारण उरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांच्या जिभेला गोडाची चटक लागली आणि लाम्बिकची घरं एकामागून एक बंद पडली. कांतियोंच्या मालकांनी ब्रूअरी जगवायला १९७८ मध्ये तिचंच संग्रहालय केलं. चालू कारखान्याला संग्रहालय म्हणून जगावं लागणं ही तशी उदास गोष्ट. पण बघायला आलेले लोक प्यायला थांबले, आणि आज तिच्या बाटल्यांसाठी लोक दूरदूरहून येतात.

परतीच्या वाटेवर लाइपझिगची गोझ भेटली. मूळची ती गोस्लार गावची, लाइपझिगात येऊन मोठी झालेली. गव्हाची बिअर, आंबट, आणि तिच्यात चक्क मीठ आणि धने. १५१६ चा बव्हेरियाचा शुद्धतेचा नियम सातू, हॉप्स आणि पाणी यांपलीकडे काही चालू देत नसे. त्याच्या आजच्या रूपातून गोझला मात्र प्रादेशिक रिवाज म्हणून सवलत आहे. पूर्वी तिच्या लांब मानेच्या बाटलीला बूचही लावत नसत. वर आलेलं यीस्टच मानेत सुकून बूच होई. भले भले जर्मन लोक हिचा पहिला घोट घेऊन विचारात पडतात. लाइपझिगच्या एका गोझगृहात, हे पिण्यासारखं आहे का हो, असं गिऱ्हाइकं सारखी विचारत आणि तिथला वेटर सगळ्यांना एकच उत्तर देई, "बेशक!" ते उत्तरच पुढे त्या गुत्त्याचं नाव झालं. १९६६ मध्ये शेवटची ब्रूअरी गोझ बनवायची थांबली आणि ही बिअर जगातून नाहीशी झाली. १९८० च्या दशकात लोथार गोल्डहान नावाच्या माणसानं ते जुनं गोझगृह पुन्हा उघडायचं ठरवलं, आणि गोझगृह म्हटल्यावर गोझ हवीच, म्हणून जुन्या लोकांना विचारत विचारत ती परत करवून घेतली.

मी चेहऱ्याची तयारी करून घोट घेतला आणि तयारी फुकट गेली. आंबट, किंचित खारट, मागून धन्याचा दरवळ. हे तर ताक! पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्याची वाट बघत द्रोण सांभाळून बसलेल्या माणसाला ज्याची ओळख करून द्यायला लागत नाही ते. फक्त फेस जास्त. तिथं ती जिऱ्याच्या कुळातली दारू घालूनही देतात आणि त्या पेयाला छत्री म्हणतात. एव्हाना पाऊस सुरू झाला होता, म्हणून मी तीही मागवली. शेजारच्या टेबलावर एक जर्मन जोडपं गोझच्या ग्लासाकडे, आमच्याकडे लोक निदानाच्या कागदाकडे बघतात तसं बघत होतं. एकाच्या जिभेला जे अवघड, ते दुसऱ्याला आजोळ असू शकतं, हे मला त्या ओल्या दुपारी फार बरं वाटलं.

हल्ली सगळं जग आपल्याला आवडून घेण्याच्या खटपटीत असतं. फोन आपली आवड आपल्याआधी ओळखतो, जेवण आणून देणारा मुलगा जिना उतरायच्या आत पाच तारे मागतो, गाणं अर्ध्या मिनिटात मनात भरलं नाही तर दुसरं हजर होतं. या सगळ्या आर्जवांत बाम्बेर्गची ती काळी बिअर कुणाचीही मनधरणी न करता बसलेली असते. मला तिच्यापुढे बसून विसावा मिळाला. तिला माझ्या मताची गरज नव्हती, त्यामुळे मला मत बनवायची घाई नव्हती. न आवडण्यालाही थोडा वेळ द्यावा लागतो. तो दिला तर कधी त्याचं आवडीत रूपांतर होतं, कधी नुसतंच ओळखीत होतं, आणि ओळखही काही वाईट नसते. पुष्कळ नाती तेवढ्यावर आयुष्यभर टिकतात.

तेव्हा कधी त्या बाजूला जाणं झालं, तर मराठी जिभेसाठी माझा सल्ला असा. आधी लाइपझिगची गोझ घ्यावी, ती तुम्हाला परकी वाटणार नाही. मग बाम्बेर्गची धुराची. शाकाहारी असाल तर आधी घटक वाचून मन निवांत करावं. लाम्बिक शेवटी, आणि दुपारच्या वेळी. प्रवास रेल्वेनं करावा, गाडी चालवू नये. अर्ध्यावर ग्लास बाजूला सरकवावासा वाटला तर जरा थांबून आणखी दोन घोट घ्यावेत. इतकं करूनही आवडली नाही, तर तोंडदेखलं 'छान आहे' म्हणू नये. आवडली नाही म्हणून खुशाल सांगावं. तिथं कुणाला वाईट वाटत नाही.